आज जरा कमी बोल, दादा

"दादा, एक सांगू? आज जरा कमी बोल."

शालिग्राम डबीर गाडीतून एक पाय बाहेर टाकून उतरायच्या बेतात होता, तो तसाच थांबला. बायको मीनाक्षी आणि दोन्ही मुलं पुढे निघून गेली होती. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या त्या गल्लीत 'बेल्ला पारा' हॉटेलच्या पाटीभोवतीचे दिवे लागले होते आणि आतला कलकलाट गाडीपर्यंत येत होता. मागच्या सीटवर त्याची धाकटी बहीण शर्मिष्ठा पर्स मांडीवर धरून बसली होती. ती मुद्दामच मागे राहिली आहे हे त्याला आत्ता कळलं.

"कमी म्हणजे किती?"

"हो म्हण, छान म्हण, हसत राहा. बाकी मी आणि वहिनी सांभाळू."

"अन् त्यायनं काही विचारलं तं?"

"हे बघ. 'अन्', 'त्यायनं', 'तं'. एका वाक्यात तीन." शर्मिष्ठाने डोळे मिटून घेतले. "दादा, अपर्णाबाईंनी जन्मभर रेडिओवर मराठी बातम्या वाचल्यात. वेडावाकडा शब्द त्यांच्या कानाला खड्यासारखा लागत असेल. तुझ्या श्रावणीचं त्यांच्या मुलाशी जुळत आलंय. एवढी एक संध्याकाळ काढ."

दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर शालिग्रामने त्याला गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं उत्तर दिलं असतं. भनपुरीत त्याचा धरमकाटा होता. भरलेले ट्रक वजनाला येऊन उभे राहायचे, इंजिनं घरघरत असायची, आणि त्या घरघरीच्या वर आवाज चढवून ड्रायव्हरांशी बोलण्यात त्याची तीस-बत्तीस वर्षं गेली होती. एका दमात तो हिंदी, छत्तीसगढी आणि मराठी बोलायचा, आणि कुठली कुठे संपली हे त्याचं त्यालाही कळायचं नाही. घरात तो फोनवर बोलायला लागला की शेजारचे टीव्हीचा आवाज वाढवायचे.

पण सांगणारी शर्मिष्ठा होती. लग्न होऊन पुण्याला गेली तेव्हा ती बावीस वर्षांची होती. सासरी पहिल्याच पंगतीत तिने "मले मीठ पाहिजे" म्हटलं आणि सगळी पंगत हसली. पुढे कितीतरी महिने घरातली लहान मुलं तिच्यामागे "मले, मले" करत फिरायची. पहिल्या दिवाळसणाला रायपूरला आली तेव्हा ही गोष्ट तिने आईला सांगितली नाही, वडिलांना सांगितली नाही. गच्चीवर कपडे वाळत घालताना फक्त दादाला सांगितली. सांगताना हसत होती आणि पिळलेलाच टॉवेल पुन्हा पुन्हा पिळत होती. त्यानंतरच्या दिवाळीला आली ती 'मला' आणि 'तुला' घेऊनच. तिचं ते नवं मराठी ऐकून सगळं घर कौतुक करत होतं. शालिग्रामला मात्र आपली बहीण कुणाच्या तरी मापाचे कपडे घालून आल्यासारखी वाटली होती.

"बरं," तो म्हणाला. "नाही बोलत."

खरं तर त्याने आठवडाभर तयारी केली होती. काट्याच्या केबिनमध्ये बसून "मला फार आनंद झाला, मला फार आनंद झाला" असं घोकलं होतं. कोंड्याचा ट्रक घेऊन आलेल्या एका ड्रायव्हरने खिडकीतून डोकावून "सेठ, लॉटरी लगी क्या?" असं विचारलंही होतं. ते वाक्य आता वापरायचं नाही, एवढंच.

* * *

या जेवणाची जागा शर्मिष्ठानेच ठरवली होती. वरद उपळेकर तिच्या पुण्यातल्या शेजाऱ्यांचा मुलगा. मागच्या दिवाळीत श्रावणी आत्याकडे गेली असताना दोघांची ओळख झाली आणि तेव्हापासून श्रावणीचा फोन रात्री गरम असायचा. आता वरदचे आईवडील मुलीचं घर बघायला आले होते. दुपारचं जेवण घरी झालं, पण त्या वेळी पाहुण्यांना "काट्यावर काम आहे" असं सांगून शालिग्रामला बाहेर काढण्यात आलं होतं. रात्रीही घरी बसलो तर पाऱ्यातलं, म्हणजे आळीतलं, कुणी ना कुणी डोकावणार, मोठमोठ्याने बोलणार, म्हणून शर्मिष्ठाने इटालियन हॉटेल सुचवलं. अशा ठिकाणी लोक हळू बोलतात आणि हिंदी-इंग्रजीत बोलतात, असा तिचा हिशेब होता.

तो हिशेब दारातच कोसळला. 'बेल्ला पारा' ही मुळात यशदीपच्या वडिलांची पिठाची चक्की. यशदीपने गोव्याच्या एका हॉटेलात काम शिकून आल्यावर चक्की काढून तिथे लाकडाची भट्टी बांधली. भिंतीवर पाऱ्यातल्याच पेंटरने व्हेनिस काढलं होतं, आणि त्यातली नाव हुबेहूब महानदीतल्या डोंग्यासारखी दिसत होती. खुर्च्या एकीसारखी दुसरी नाही. एका टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस चालला होता, दुसऱ्यावर कोचिंग क्लासची पोरं एका पिझ्झावर तुटून पडली होती, आणि भट्टीतून काही बाहेर आलं की यशदीप स्वतः देवळातल्यासारखी घंटा वाजवत होता.

"काका आले, काका आले," भट्टीमागून यशदीप ओरडला. "काहून काका, आज इतका उशीर?"

शर्मिष्ठाने भावाकडे पाहिलं. शालिग्रामने यशदीपला नुसता हात केला आणि हसला.

यशदीपने दोन टेबलं जोडून ठेवली होती. एका बाजूला उपळेकर मंडळी बसली होती. चारुदत्त उपळेकर गोल चेहऱ्याचे, निवृत्त इंजिनियर, आल्यापासून मेनूकार्डात डोकं घालून बसलेले. त्यांच्या शेजारी अपर्णाबाई, बारीक काठाची सुती साडी, चष्मा, ताठ बसणं. टोकाला वरद, आणि त्याच्या समोर श्रावणी, हे कुणी ठरवून केलं नव्हतं, आपोआप झालं होतं.

"या, या. दुपारी तुमची भेटच झाली नाही," अपर्णाबाई म्हणाल्या. आवाज खरंच रेडिओतून आल्यासारखा होता, प्रत्येक अक्षर घासूनपुसून ठेवलेलं. "काम आटोपलं का?"

"हो," शालिग्राम म्हणाला.

"रोजच इतका उशीर होतो का तुम्हाला?"

त्याला सांगायचं होतं की काम कसलं, मला घालवून दिलं होतं, मी तिथे बसून दोन वेळा चहा प्यायलो आणि घड्याळ पाहत राहिलो. तो हसला. "हो."

"दादाला कामाचा फार व्याप आहे," शर्मिष्ठा म्हणाली.

जेवण मागवायची एकच धांदल उडाली. चारुदत्तांना सगळंच हवं होतं. मीनाक्षीला काय मागवावं कळत नव्हतं, पण विचारायचं नव्हतं. नील, श्रावणीचा धाकटा भाऊ, इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. घरी कुणी मराठीत बोललं तर हिंदीत उत्तर द्यायची त्याची सवय. आत्याने त्यालाही तंबी दिली होती, त्यामुळे तो भलतंच अवघडून बोलत होता.

"काकू, तुम्ही हा लसान्या खाऊन पाहा. हा खूप चांगली आहे. मतलब, चांगला. चांगलं?"

तो मदतीसाठी बहिणीकडे पाहायला लागला. तेवढ्यात वरदने त्याला सहज विचारलं, "भाई, यहाँ सबसे बढ़िया क्या मिलता है?" आणि नीलचा चेहरा एकदम उजळला. तो घडाघडा सांगत सुटला की रविओली मागवा, त्यात भैया लाल भाजी भरतो, आणि रिसोटो जवाफुल तांदळाचा करतो, पूर्ण पाऱ्यात वास जातो.

शालिग्रामने ते पाहिलं. बोलायचं नसल्यामुळे त्याला पाहायला पुष्कळ वेळ होता. इतक्या माणसांत बसून नुसतं पाहत राहण्याचा प्रसंग त्याच्यावर बहुधा पहिल्यांदाच आला होता. पिझ्झा आला तेव्हा श्रावणीच्या वाट्याच्या तुकड्यावर काळी ऑलिव्हं होती. वरद कुणाशी तरी बोलत होता. बोलता बोलता त्याने तिच्या ताटलीतली ऑलिव्हं एक एक उचलून आपल्या ताटलीत घेतली, आणि तिनेही बोलता बोलता आपल्या वाट्याची करकरीत कड त्याच्या ताटलीत ठेवली. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.

"शालिग्रामराव, पिझ्झा आवडतो ना तुम्हाला?" अपर्णाबाईंनी विचारलं.

"हो. छान."

"रायपूर छान आहे. दुपारी सदर बाजारात जाऊन आलो आम्ही. तुमचं घराणं इथे भोसल्यांच्या काळापासूनचं, असं श्रावणी म्हणत होती."

हा त्याचा हुकमी विषय होता. नागपूरहून बैलगाडीने आलेले पहिले डबीर, त्यांनी तलावाकाठी बांधलेली खोली, वाटेत हरवलेला आणि पुन्हा सापडलेला घोडा. घोड्याची गोष्ट तो धरमकाट्यावर पंजाबहून आलेल्या ड्रायव्हरांनाही सांगायचा. ती जिभेच्या अगदी टोकावर आली. टेबलाखाली शर्मिष्ठाची चप्पल त्याच्या बुटाला लागली.

"हो," तो म्हणाला. "छान."

मीनाक्षीने नवऱ्याकडे चोरून पाहिलं. ती दुर्गची. तिचं स्वतःचं मराठी काही वेगळं नव्हतं, पण शाळेत शिकवत असल्याने तिला जपून बोलता यायचं. नणंदेचा बेत तिला पटला होता असं नाही. मुलीच्या लग्नात काही बिघडायला नको, एवढंच तिला वाटत होतं. आता मात्र नवऱ्याचा तो गप्प चेहरा तिला बघवत नव्हता. तिने रविओलीची बशी त्याच्याकडे सरकवली. "घ्या ना, करंजीवानी लागते," ती म्हणाली, आणि शर्मिष्ठाने तिच्याकडे पाहताच गडबडीने म्हणाली, "करंजीसारखी."

* * *

मग अपर्णाबाईंनी काटा-चमचा ताटलीत ठेवला आणि थेट विचारलं.

"शालिग्रामराव, एक स्पष्ट विचारते. श्रावणी इथली नोकरी सोडून पुण्याला येणार. लांब जाणार. तुम्हाला चालेल ना?"

शेजारच्या टेबलावर केक कापला जात होता, टाळ्या वाजत होत्या. या टेबलावर सगळे थांबले. श्रावणी वडिलांकडे पाहत होती. शालिग्रामच्या छातीत इतकं काही एकदम वर आलं की त्यातलं 'हो' कुठलं आणि 'छान' कुठलं हे त्याला निवडता येईना. शर्मिष्ठाची चप्पल पुन्हा लागली.

"छान," तो म्हणाला.

म्हणताक्षणी त्याला कळलं की हे चुकलं. पण शब्द बाहेर पडून गेला होता.

अपर्णाबाई थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. "तुमच्या मनात काही असेल तर सांगा. मला वाईट वाटणार नाही."

"नाही, नाही. छान."

"अहो, तो तसाच आहे," शर्मिष्ठा घाईने म्हणाली. "लहानपणापासून अबोल. त्याचं 'छान' म्हणजे खूप झालं."

नीलला ठसका लागला. बापाला अबोल म्हणताना त्याने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं.

अपर्णाबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग त्या मीनाक्षीकडे वळल्या आणि अगदी सौम्यपणे म्हणाल्या, "मीनाक्षीताई, रागावू नका. पण आपण आज काही ठरवू नये असं मला वाटतं."

"आई," वरद म्हणाला.

"थांब रे. मला सांगू दे." त्यांचा घासूनपुसून ठेवलेला आवाज किंचित खाली आला. "आमचं लग्न माझ्या वडिलांना पसंत नव्हतं. तसं बोलून दाखवलं नाही त्यांनी. भांडलेही नाहीत. मी विचारलं, बाबा, चालेल ना, तर म्हणाले, छान. लग्नाला आले, पंगतीत बसले, सगळ्यांना छान छान म्हणाले, आणि पुढे कधी माझ्या घराची पायरी चढले नाहीत. वरदचं बारसंसुद्धा त्यांनी पाहिलं नाही." त्यांनी शालिग्रामकडे पाहिलं. "तुमचा चेहरा मला ओळखीचा वाटतोय हो. असं 'छान' घेऊन मी सून घरी नेणार नाही."

चारुदत्तांनी हातातला तुकडा खाली ठेवला. श्रावणीचे डोळे भरून आले होते आणि ती ते कुणाला दिसू नयेत म्हणून पाण्याचा ग्लास तोंडाशी धरून बसली होती. शर्मिष्ठाचा चेहरा पांढराफटक पडला.

नेमका त्याच वेळी यशदीप रिसोटोचं भांडं घेऊन आला. एप्रनला पीठ, कपाळावर घाम, आणि टेबलावर काय झालंय याची त्याला काही कल्पना नाही.

"काका, काय झालं काय?" भांडं टेकवत तो म्हणाला. "तुमचा आवाज मले रोज भट्टीपर्यंत ऐकू येते. आज काहून चूप? मघापासून सगळे विचारून राहिले, डबीर काका बिमार आहेत का म्हणून. त्या दिवशी तं घोड्याची गोष्ट सांगता सांगता दोन पिझ्झे थंडे केले माहे."

यशदीपने एकेकाकडे पाहिलं, "मी आलोच," असं म्हणाला आणि भट्टीकडे सटकला.

श्रावणीने ग्लास खाली ठेवला. आत्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे. दुपारपासून ती अपर्णाबाईंशी जे नीटनेटकं मराठी बोलत होती ते तिने बाजूला ठेवलं.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्हाले कोणी म्हटलं चूप बसाले?"

"कोणी नाही," शालिग्राम म्हणाला. "माह्या मनानंच."

"बाबा."

"अवं, खरंच."

"मी सांगितलं," शर्मिष्ठा म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "मी सांगितलं त्याला. मला वाटलं, त्याचं बोलणं ऐकून तुम्ही हसाल. मला हसले होते. माझ्या सासरी. मी मीठ मागितलं होतं फक्त."

शालिग्रामने बहिणीच्या हातावर हात ठेवला. आता गप्प बसण्यात काही अर्थ उरला नव्हता. त्याने घसा खाकरला, आणि इतका वेळ आत कोंडलेला आवाज असा बाहेर आला की वाढदिवसाच्या टेबलावरच्या दोघीतिघींनी वळून पाहिलं.

"ताई, खरं सांगू का? मले नाही चालत."

मीनाक्षीने कपाळाला हात लावला.

"माही पोट्टी दूर चालली, मले कसं चालन? सकाळी हे आपली गाडी काढते ऑफिसले जाले, तं मी गॅलरीत उभा राहतो. हिले माहीत नाही. कोपऱ्यावरून वळेपर्यंत पाहतो अन् मंग चहा पितो. आता हे पुण्याले गेल्यावर मी कोणाकडं पाहू? दूधवाल्याकडं?" त्याने पाण्याचा एक घोट घेतला. "तं मले नाही चालत. पण तिले चालते. अन् मी आज बोललो नाही, तं पाहत बसलो. तुमचा पोट्टा हिच्या ताटलीतले काळे फळं उचलून घेऊन राहिला होता. हिले आवडत नाहीत ते. त्याले सांगा लागलं नाही कोणी. हा आमचा नील मराठीत अडकला, तं त्यानं हळूच हिंदीत विचारलं. लाज नाही वाटू देली माह्या पोराले. असा पोट्टा मी कुठून शोधून आणू? मी तं मनातून केव्हाच हो म्हणून बसलो आहे, ताई. फक्त ते नीट भाषेत कसं सांगाचं, तेच समजून नाही राहिलं होतं."

एवढं बोलून तो थांबला. श्रावणी उठून त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली होती आणि तिने त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवली होती. वरद ऑलिव्हांकडे बघत लाल झाला होता.

अपर्णाबाईंनी चष्मा पुन्हा काढला, पण या वेळी पुसायला काचा नव्हत्या, डोळे होते.

"माझ्या वडिलांनी एवढं जरी म्हटलं असतं ना," त्या म्हणाल्या, "मला नाही चालत, एवढंच, तर मी त्यांच्याशी भांडले असते. रडले असते. आणि दुसऱ्या दिवशी जेवायला बोलावलं असतं."

"मंग मी भांडाले येऊ का पुण्याले?"

"या. जेवायला या आणि भांडायलाही या." त्या हसल्या, आणि हसताना त्यांचे ताठ खांदे प्रथमच सैल पडले. मग त्या शर्मिष्ठाकडे वळल्या. "आणि शर्मिष्ठाताई, तुम्ही शेजारी राहता इतकी वर्षं, म्हणून सांगते. मी बार्शीची. रेडिओवर मी जे वाचायचे, तसं आमच्या घरी कुणीच बोलत नव्हतं. ती नोकरीची भाषा. घरी आलं की साडी बदलावी तशी मी ती बदलायचे. आईशी मी रेडिओसारखं बोलले असते तर तिनं मला दृष्ट लागली म्हणून मीठमोहऱ्या ओवाळल्या असत्या."

"मी मघापासून खूशच होतो," चारुदत्त म्हणाले, आणि खाली ठेवलेला तुकडा त्यांनी पुन्हा उचलला. "पण मला कुणी विचारलंच नाही."

* * *

त्यानंतर टेबलाचा नूरच पालटला. रिसोटो थोडा निवला होता, तरी तो संपला, आणि यशदीपने न सांगताच आणखी एक भांडं आणून ठेवलं. घोड्याची गोष्ट पूर्ण झाली. चारुदत्तांनी घोड्याच्या रंगाबद्दल शंका काढली, त्यावर शालिग्रामने ती सुरुवातीपासून पुन्हा सांगितली, आणि दुसऱ्या वेळी वाढदिवसाच्या टेबलावरची मंडळीही खुर्च्या वळवून ऐकत होती. नील आता बिनदिक्कत हिंदीत बोलत होता. अपर्णाबाई त्याला मराठीत विचारत होत्या, आणि दोघांचंही काही अडत नव्हतं.

एकटी शर्मिष्ठा गप्प होती. मीनाक्षीने तिच्या ताटलीत रविओली वाढली. "खा वं," ती म्हणाली. "तुझ्यामुळेच जुळलं हे. तू नसती तं हे दोघं भेटलेच नसते."

"वहिनी, मी सगळं मोडायला निघाले होते."

"मी बी तुझ्याच बाजूनं होती. दोघींनी मिळून मोडलं असतं." मीनाक्षी हसली. "खाऊन घे. करंजीवानी लागते."

शर्मिष्ठाने एक उचलून तोंडात टाकली आणि मान डोलावली.

मग तारखा निघाल्या. साखरपुडा कधी, लग्न कधी. इथे शर्मिष्ठाला पुन्हा हुरूप आला. पुण्यातलं एक कार्यालय तिने मनात आधीच धरून ठेवलं होतं. तिथलं जेवण, तिथली पार्किंगची सोय, तिथल्या व्यवस्थापकांची तिच्या यजमानांशी असलेली ओळख, असं सगळं ती सांगायला लागली. मीनाक्षीलाही पुणंच बरं वाटत होतं. इथल्या सगळ्या पाऱ्याला जेवू घालायचं म्हणजे काय, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"लग्न रायपूरला करू या," अपर्णाबाई मध्येच म्हणाल्या.

"काहून?" शर्मिष्ठाच्या तोंडून निघून गेलं.

क्षणभर तिने ओठांवर हात धरला. कुणी हसलं नाही. अपर्णाबाई जणू काही झालंच नाही अशा थाटात तिला उत्तर देत होत्या.

"कारण पुण्यात शालिग्रामराव कार्यालयवाल्याशी, आचाऱ्याशी, भटजींशी, सगळ्यांशी परत छान छान करत बसतील. मुलीच्या लग्नात बापाला मोकळेपणाने ओरडता आलं पाहिजे. आमची पन्नास-साठ माणसं आम्ही घेऊन येतो. रेल्वे आहे, विमान आहे."

"अहो, पण काहून इतका त्रास?" शर्मिष्ठा म्हणाली. या वेळी तिने हात ओठांवर नेला नाही. "माही पूर्ण यादी पुण्याची बनली आहे."

"यादी बदला. तुम्ही आता मुलाकडच्या की मुलीकडच्या, तेही एकदा ठरवा."

"मी दोन्हीकडची. आहेराच्या साड्या दोन्हीकडून घेणार."

"तं मंग साड्या इथल्या पंडरी बाजारातून घेऊ," मीनाक्षी म्हणाली. तिने बाजू कधी बदलली हे कुणालाच कळलं नाही. "तिथं माहा ओळखीचा दुकानदार आहे."

चारुदत्तांनी विचारलं की लग्नाच्या जेवणात ही लाल भाजीची रविओली ठेवता येईल का. नीलने भट्टीकडे वळून "भैया, शादी का ऑर्डर लोगे?" असं विचारलं. यशदीपने हातातलं पीठ एप्रनला पुसत "कोणाची?" असं विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आतच घंटा वाजवली. वाढदिवसाच्या टेबलावरून कुणीतरी केकचा एक मोठा तुकडा पाठवला. कोचिंगच्या पोरांनी उगाचच टाळ्या वाजवल्या.

अपर्णाबाईंनी पदर सावरला आणि त्या शालिग्रामकडे वळल्या.

"बोला, शालिग्रामराव. तुमच्या गावात, तुमच्या घरून मुलगी पाठवायची. मी मागणी घालते आहे, रीतसर. द्याल ना?"

शालिग्रामने तोंड उघडलं. त्याच्याजवळ शब्द होते, हवे तितके होते, आणि आता त्याला कुणी अडवतही नव्हतं. श्रावणी केकचा तुकडा कापून आधी वरदच्या आईच्या ताटलीत वाढत होती. तो तिच्या हातांकडे बघत राहिला. त्याचे ओठ हलले, पण एक अक्षर बाहेर येईना. त्याने बायकोकडे पाहिलं.

मीनाक्षीने त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

"हव," होकारार्थी मान हलवत ती अपर्णाबाईंना म्हणाली. "देली."